हळदीचा व्हिडिओ

हसू नका, पण मी कंप्युटरवाला असूनही मोरव्याला राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांनी मला वाचवलंय. त्यांच्या फोनवर त्यांच्या भाच्याकडून ‘हळदीचा व्हिडिओ’ अशी फाइल आली. मी ती डाउनलोड केली आणि उघडायला गेलो, तर फोन विचारतो, ‘इन्स्टॉल करायचं का?’

म्हटलं, “नवीन प्लेअर मागत असेल,” आणि ‘हो’ दाबणार तेवढ्यात सासऱ्यांनी माझा हात धरला.

“जावई, थांबा. परवाचा साखरपुड्याचा व्हिडिओ तर बोट लावल्याबरोबर चालला. ह्याला इन्स्टॉल कशाला पायजे?”

“बाबा, मी दिवसभर ऑफिसात हेच करतो.”

“करत असाल, पण माझ्या बँकेचा सगळा कारभार ह्याच फोनवर हाय.”

त्यांनी सरळ भाच्याला फोन लावला. तो पलीकडून ओरडला, “मामा, उघडू नका! माझं व्हॉट्सअ‍ॅप हॅक झालंय, हळद तर अजून व्हायचीय!”

मी गुपचूप फाइल डिलीट केली. तेवढ्यात शेजारच्या भाभी फोन घेऊन आल्या, “दामादजी को दिखाना था, कुछ खुल नहीं रहा.”

सासरे म्हणाले, “दिखाव, दिखाव. हमारे जावई को सब आता है. बस, बाजू में मैं बैठता हूँ.”