लालीच्या कपाळावरचा ठिपका

साल दोन हजार पंचवीस, माघ सरत आलेला, कुरुंद्यात घरोघरी हळद शिजायला लागलेली, अन् अशा ऐन कामाच्या दिवसांत आमच्या नातीनं, मोहिनीनं, माझ्या शेळीच्या कपाळावर ठिपका बसवला बघा! काहून? तर म्हणे, "आजोबा, कम्प्युटरच्या क्लासात घराचं पान करायला सांगितलंय. तुम्ही, आजी, शेळ्या, समद्यांचा एक फोटो, त्यावर ठिपके. बोट ठेवलं की उघडतंय." काय उघडतंय? चिठ्ठी! शेळीचं नाव, वय, समदं. आता तुम्हाला सांगतो, शेळीचं वय तिच्या दातांत असतंय, तोंड उघडलं की दिसतंय, त्याला ठिपका कशाला? पण बोललो न्हाई. मी जास्त बोलतच न्हाई.

मग तिनं ते पान मोबाइलवर दाखवलं. फोटो झाला बारका, ठिपके राहिले जिथल्या तिथं! मी ऐटीत फोटोतल्या माझ्या फेट्यावर बोट ठेवलं... बोट ठेवलं की उघडतंय... उघडलं! "लाली. वय दोन वर्षं. दूध कमी, शिंगं फार मारते." आमची ही, मोहिनीची आजी, पदर तोंडाला लावून म्हणती, "बराबर लिवलंय की!"

पोरीनं नीट केलं; आता फोटो आकसला की ठिपका बी संगं सरकतो. राहिली आजी. "आजी, तुझ्या ठिपक्यात काय लिहू?"

"लिहू नको, मला कुठं वाचता येतंय? ह्यांचा आवाज घाल. लग्नात उंबऱ्यात अडवलं तवा मी ह्यांचं नाव घेतलं, ह्यांनी माझं घेतलंच न्हाई. उधार हाय अजून. जमत नसंल तर काढ मला फोटोतून."

घ्या! काढ म्हणे फोटोतून! मग राहिलं काय त्या फोटोत... मी अन् शेळ्या? उभा जन्म 'अगं' अन् 'ऐकलं का' यावर भागलं, कुठं अडलं का? पण ही चुलीकडं तोंड करून बसलेली, तव्यावर भाकर करपून राहिली तरी हलंना. पोरगी मोबाइल माझ्या मिशीपुढं धरून उभी. घसा खाकरला. म्हणलं, "चांगुणा."

तवापासून बोट ठेवलं की उघडतंय. "चांगुणा." पुन्हा हिचं बोट. "चांगुणा." शेळ्या कोंडलेल्या, ओरडून राहिल्या! म्हणलं, "अगं, फिटलं की आता!" तर म्हणती, "मुद्दल फिटलं. हे याज हाय."

दिवस मावळता बॅटरी संपली. फोन बंद. ही फोन ठेवून माझ्याकडं बघायला लागली... काय करता? म्हणलं, "चांगुणा."

फिटलं.