गुळाचे दोन खडे

हॅलो?… कोण?… अगं भाविका! हा कुठला नंबर?… हां, नवऱ्याचा फोन. बोल, बोल. मी जरा हळू बोलते हं, बाळ झोपलंय… मुलगी. लेकीला मुलगी झाली. रविवारी बारसं आहे, तुला कळवणारच होते.

काय सांगतेस! उघडल्या? सगळ्या खिडक्या?… आणि बाल्कनीचं दारही?… थांब, थांब, मोजू दे मला. म्हणजे खिडक्या मिळाल्या. वारा मिळाला. नवऱ्याचं डोकं दुखायचं थांबलं. तुळस परत फुटली… आणि सोसायटीच्या ग्रुपवर हार घातलेला फोटो! तो राहिलाच की… नाही गं, चिडवत कुठे? एका अर्जात एवढं कुणाला मिळतं? मला रेशनकार्डावरचं नाव बदलून मिळालं नाही अजून.

हो… हो, माहितेय. हळदीकुंकवाला आले होते ना मी ऐरोलीला, वाण घेतलं आणि पळाले. नेलपॉलिशच्या बाटल्या कुणी घरभर सांडाव्यात तसा वास… हो, अगदी घशात बसायचा. किती दिवस काढलेत तुम्ही त्यात.

अबोली माहेरी येणार? बाळंतपणाला? अगं वा!… मग आता खोली करायला घेतलीस… कपाटाची दारं… आणि पाळणा? तो तुझ्या सासूबाईंचा सागवानी?… हं. ह्यांच्याकडून रंगवून हवाय.

अगं ऐक ना… नाही, ऐक. ह्यांना नाही जमणार… भाव कसले खातायत! तुला नाही म्हणतील का ते?… मिळतो की, बिनवासाचा मिळतो. पाण्यातला. डब्यावर हिरवं पान छापलेलं असतं, दुकानदार स्वतःच दाखवेल. रंग मिळेल तुला. रंगाऱ्याचं सांगतेय मी.

बरे आहेत… म्हणजे जेवतायत, चालतायत, कामाला जातायत. आज शुक्रवार म्हणून घरी… कुठे म्हणजे? तिथेच. भाविका, तुमच्या बी विंगच्या मागे ती निळ्या पत्र्याची शेड आहे ना… हो, तीच, श्यामसुंदर शेठची. तिथे फर्निचरच्या दारांवर स्प्रे कोण मारतं, माहितेय तुला?

हॅलो?… आहेस ना?

अगं तुला कसं माहीत असणार? नेरूळला आमच्या शेजारून तू गेलीस तेव्हा हे तुर्भ्याला कामाला होते… नाही गं बाई, रागावू कशाला? तक्रार बरोबरच होती. तुमच्या मजल्यावर मी असते ना, तर तुझ्या आधी केली असती. आणि हार पण मीच घालून घेतला असता.

ऐक तर. नोटीस आली शेठला… तुझ्याच अर्जावर, हो. रंगाची, थिनरची वाफ बाहेर सोडायची नाही. पाण्याचा पडदा असलेली केबिन बसवा, वाफ गाळून घ्या, जमेल तिथे पाण्यातले रंग वापरा. सगळं नीट लिहिलेलं. हे तर खूश होऊन घरी आले. म्हणाले, वैजू, बाहेरच्यांच्या निमित्ताने आमची पण सोय होणार… हो ना. आम्हीपण मिळकतीच्या बाजूलाच धरलं होतं ते.

शेठने?… सांगते काय केलं. केबिन नाही, गाळणी नाही. खिडक्या बंद केल्या. प्लॅस्टिक लावलं, वरून चिकटपट्टी. तुमच्या बाजूचा एक्झॉस्ट फॅन उतरवला आणि त्या भोकावर पत्रा ठोकला… अगं हो! वाफ बाहेर सोडायची नाही ना? नाही सोडली. आत ठेवली.

प्रदूषणवाले साहेब आले की, वाफ मोजायचं मीटर घेऊन आले. फाटकाशी उभे राहिले, कुंपणाशी उभे राहिले. मीटर गप्प. शेठने चहा पाजला, साहेब गेले… आत? आत कशाला जातील? तक्रार बाहेरची होती.

आत हे होते. हे आणि ह्यांच्या हाताखालचा मारोती… मास्क कसला, करोनातला कापडी, तोच धुऊन धुऊन… गणपतीपासून चाललंय.

पण गूळ वाढवला हं शेठने… अगं गूळ! स्प्रेवाल्यांना संध्याकाळी सुटताना गुळाचा खडा देतात, छाती साफ होते म्हणून. शेठच्या वडिलांपासूनची पद्धत. पूर्वी एक खडा मिळायचा. खिडक्या बंद झाल्यापासून दोन… हस, हस. मीपण हसले होते. म्हटलं, माणूस अगदीच काही दगड नाही, त्रास कुणाचा वाढलाय ते कळतंय त्याला.

नाही गं, छाती नाही. खोकला आहे, पण ते नाही. नाक गेलं… नाक म्हणजे वास. वास येत नाही… सर्दी नाही, भाविका. कशाचाच येत नाही.

कसं कळलं काय… अगं, हा माणूस जिन्यातूनच ओरडायचा ना, “वैजू, आज बोंबील!” तुमच्या घरातलंसुद्धा ओळखायचे. “भाविकाकडे कारलं, पोरं आज आपल्याकडे जेवणार”… हो, हो! आणि यायचीच पोरं. आठवतंय ना?… ते बंद झालं. मला वाटलं, दमून येतात. मग एकदा दूध आटून पातेलं करपलं, घरभर वास, आणि हे ओट्याजवळच खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. चांगली खरडपट्टी काढली मी. लक्ष कुठे असतं म्हणून. नवऱ्याचं लक्ष नाही, हे आपल्याला किती पटकन पटतं बघ. दुसरं काही सुचतच नाही.

मग बाळ घरी आलं. न्हाऊन, ओव्याची धुरी घेऊन, टाळूवर तेल. दिलं ह्यांच्या मांडीवर. नंतर मी आपली स्वयंपाकघरात. बऱ्याच वेळाने येऊन बघते तर हे डोळे मिटून तिचं डोकं हुंगतायत. “अहाहा! काय वास येतो गं टाळूला!” आणि भाविका, तिने लंगोट भरलेला! अगं खोलीत उभं राहवेना. लेक नाक धरून हसतेय, “बाबा, पुरे झाली नाटकं.” मी हसतेय. हे पण हसले… पण आमच्याकडे बघून हसले. आमच्यानंतर.

हं…

तेव्हा कळलं.

नाही, रडत नाहीये. बोल तू… बोल की काहीतरी.

विचारलं ना. लेक आत गेल्यावर विचारलं. म्हणाले, कधी गेला ते मलाच कळलं नाही. म्हटलं, मग टाळूचं काय सांगत होतात? तर म्हणाले, आपल्या लेकीच्या टाळूला यायचा तो आठवला… तो सांगितला.

डॉक्टर म्हणाले, आधी त्या हवेतून बाहेर काढा, मग बघू. येईल, नाही येणार, दोन्ही म्हणाले नाहीत… अगं पण कसं काढू? घरात बाळंतीण, आणि या वयात नवीन जागी कोण उभं करतंय? उद्या परत जाणार.

म्हणूनच ऐक ना. मीच करणार होते तुला फोन. तक्रार तुझ्या नावावर आहे. ते साहेब शेवटचं बघायला येणार आहेत म्हणे या आठवड्यात. तू फक्त खाली ये आणि म्हण, साहेब, आत चला. बस. एवढंच. दार उघडलं ना की मीटर बाहेर काढायचीपण गरज नाही… हे कसे म्हणतील? शेठ समोर उभा. आणि मी कोण? मी तक्रारदार नाही. तुझंच ऐकतील.

काय?… आज सकाळी? येऊन गेले?… अगं पण आज शुक्रवार! आज शेडला सुट्टी असते, कॉम्प्रेसरपण चालू नाही, आज कशाचा वास येणार त्यांना?… हं… आणि तू?… सही.

‘समाधान झाले’… हं. छापलेलंच असतं ते, हो.

नाही, नाही, तुझी चूक कशी? वास येतो का विचारलं, नाही येत म्हणालीस. खरं तेच सांगितलंस.

पण परत लिहिता येईल ना?… दोन ओळी गं. वास येतो असं लिहू नकोस, खोटं कशाला? आत माणसं आहेत, एवढंच लिही…

हं… खिडक्या उघडल्या तर?… हो. तुझ्यापासून काय लपवू, येणार. केबिन बसेपर्यंत येणार वास तुमच्याकडे… हो, अबोली… हो, पोटुशी पोर… कळतं गं. मला नाही कळणार? माझ्याही घरात पाळणा आहे.

कमिटीला विचारून सांगतेस… बरं… भाविका, मी काय म्हणते…

तुटतोय? मला तर नीट येतोय आवाज… लिफ्टमध्ये आहेस? आत्ता तर म्हणालीस, खिडकीत उभी आहे म्हणून… बरं, बरं. ठेव. अगं, आणि त्या पाळण्याला रंग नको लावूस. साग आहे, नुसतं तेल पुसून घे. बाळं चाटतात कठडा…

हॅलो?… हॅलो, भाविका?…

ठेवला.

…भाविका होती हो. तुमची आठवण काढत होती. कारल्याची… हो, खुशीत आहे. तिला वारा मिळाला. शेठला सही मिळाली. साहेबांची फाइल मिटली… आपलं? आपलं काय विचारता? द्या तिला इकडे. अहो, उठवू नका, मी घेते. लंगोट बदलायला हवा, कधीचा भरलाय… राहू दे. तुम्हाला कसं कळणार?