तिसरी नळी

—छे छे, कुंदनभाऊ, बसा हो. रक्त घ्यायला येता आणि चहा न घेता पळता, ही काय रीत झाली? सुनेचं घेतलंत, नातवाचं घेतलंत, दोन नळ्या भरल्या — झालं की मग. तिसरी ठेवा पिशवीत. जिनेश नाही घरी. यावलला गेलाय, केळीवाल्यांकडे. कधी येईल? मुलगा माझाच आहे, पण त्याचं मला काही सांगता येत नाही. — ते बियाण्याचं पाकीट जरा होतं तिथं ठेवा बरं. हिरवं. हिरव्यांच्या ओळीत. अजून थोडं सरळ. हां, बस.

अर्हम रडला का फार? नाही ना? पंखा सुरू असला की त्याचं कुठंच लक्ष नसतं. चार वर्षांचा झाला, अजून मला, आजोबाला, दादा म्हणत नाही — पण दुकानातली सगळी पाकिटं रंगारंगाने लावतो, आणि कोणी एक जरी हलवलं की घर डोक्यावर घेतो. धुळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑटिझम आहे. आता म्हणे जनुकं तपासा, पोराची, आईची आणि बापाची. मी म्हटलं, बाई, बापाची कशाला? पोर नऊ महिने होतं कोणाच्या पोटात? ही सून दिवस गेलेले असताना मोबाइल बघायची, ग्रहणात भाजी चिरायची. बाई हसल्या. म्हणाल्या, त्याने काही होत नाही. कधी दोघांकडून थोडं थोडं येतं, कधी पोरातच नवीन बदल होतो, पुष्कळदा तपासून काही सापडतही नाही — आणि दोष तर कोणाचाच नसतो. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

अहो, बियाणं विकून केस पांढरे केले मी. पावसाळ्यात माणूस येतो — 'शेठ, बठ्ठं बी वाया गयं, उगनंच नही.' मी कधी बियाण्याला नाव ठेवलंय? मी विचारतो, नाना, जमीन कशी आहे? पाणी कधी दिलं? खोल तर नाही पेरलं? बोलता बोलता तोच म्हणतो, हो शेठ, माझी जमीनच तशी. चहा पाजायचा, पाठवून द्यायचं. आता हीच रीत घरात लावली तर काय चुकलं? तर चेलना तोंडावर म्हणते, पप्पाजी, मी तुमचं गिऱ्हाईक नाही. — सासऱ्याला! शिकलेली सून आणली, भोगतोय.

आणि आमच्यात रक्त काय कमी तपासतात? सोयरीक करताना चार गोत्रं टाळतो आम्ही — बापाचं, आईचं, दोन्ही आज्यांचं. जिनेशच्या वेळी तर मी त्यांच्या घराण्याची पार धूळ झटकली. कोण वेडं? कोण मुकं? कोणाचं मोडलं? काही निघालं नाही. आमचं त्यांनी विचारलं, आमचंही काही निघालं नाही. कसं निघेल? सुगनला मी पहूरच्या गोदामावर पाठवून दिलं होतं. — सुगन? माझा धाकटा भाऊ हो. साधा माणूस. बोलायचा नाही फारसं, कोणी हात लावलेला खपायचा नाही. पण हरभरा असा निवडायचा की एक दाणा लहान-मोठा नाही. लग्नपत्रिकेत त्याचं नाव राहून गेलं... छापखान्याची चूक. त्याचा इथं काय संबंध? तुम्हीही कुठून कुठं नेता गोष्ट!

इथं मागच्या गोदामात खुडबूड? उंदीर आहेत. बियाण्याचं दुकान म्हटल्यावर उंदीर असायचेच.

खरं सांगू? चेलनाने बॅग भरून जिन्यात ठेवलीय. तिन्ही नळ्या भरल्या तर राहीन, नाहीतर संध्याकाळी अर्हमला घेऊन माहेरी धुळ्याला, ते कायमचंच. चार वर्षं माझ्यावर ढकललंत, म्हणते, आता पुरे. जा म्हणायला मला काय लागतं? पण भाऊ, ते पोरगं रोज इथं माझ्या पायाशी बसतं. ते बोलत नाही, मीही बोलत नाही. दोघं मिळून ओळी लावतो. गिऱ्हाईक आलं की दोघांनाही राग येतो. इतकं बरं वाटतं मला त्याच्याजवळ — बायकोजवळही कधी वाटलं नाही. ते गेलं तर मी काय करू हो इथं? ... असे काय बघताय माझ्याकडे? पाकिटाला हात लावू नका म्हटलं ना.

अरे — जिनेश. तू... कधी आलास यावलहून? जा परत गोदामात. मी बोलतोय ना यांच्याशी. बाही कशाला वर करतोस? विधीच्या सोयरिकीचं चाललंय, तुझ्या बहिणीच्या, त्याचा तरी विचार... तू काही बोलणार आहेस का? नाहीच बोलणार. लहानपणापासून असाच. बसला बघा सुईसमोर हात पुढे करून. घ्या, कुंदनभाऊ. घ्या त्याचं. चेलना, ए चेलना, वर आवाज जातोय का? ती बॅग वर ने, पायात येते.

झालं? भरली तिसरी? मग निघा आता. — काय म्हणालात? जिनेशमध्ये काही सापडलं तर पुढं कोणाचं? ... माझं?

माझं कशाला? अहो, मी म्हातारा माणूस, मला काय झालंय? नाही, चहा संपला. दुकान बंद आहे. उघडं दिसत असलं तरी बंद आहे. या तुम्ही. — आणि जाताना ते हिरवं पाकीट तेवढं सरळ... नको. राहू द्या. मीच करतो.