आधी सुई बदला, मग बोलू

मास्तर : उघड की ताईंचं खातं. मी काय तुझ्या घरी चहा प्यायला आलोय?

मी : चहा तुम्हीच मागितलात.

मास्तर : तो विषय वेगळा. अगं, सकाळीच आपला ग्रुप चालवणाऱ्या साइटच्या कंपनीने जाहीर केलं, खाती पुसायचा नियम मागे घेतला म्हणून. आम्ही सगळे बिनपगारी मॉडरेटर, आपापली दुकानं सांभाळून लोकांची शिलाई मशिनं ऑनलाइन दुरुस्त करणारे. पण ग्रुपला टाळं ठोकलं आणि नमवलं त्यांना! ताई असत्या तर...

मी : नियम सकाळी मागे घेतला, मास्तर. आईच्या खात्याची मुदत काल रात्री संपली.

मास्तर : काल?

मी : तीन महिने न उघडलेलं खातं लिखाणासकट पुसणार, असाच नियम होता ना? तिची सगळी उत्तरं त्यात आहेत. सकाळपासून बघायचा धीर होत नाही.

मास्तर : मग परवा एकदा उघडून बंद करायचंस!

मी : मॉडरेटरचं खातं उघडलं की नावाशेजारी हिरवा ठिपका लागतो. कंपनी तेच ठिपके दाखवत होती, हे बघा, इतके जण कामावर परतले म्हणून. त्या फितुरांत आईचं नाव?

मास्तर : अगं, आम्हाला विचारायचं. ताईंसाठी कोणी नाही म्हटलं असतं का?

मी : म्हणूनच विचारलं नाही.

मास्तर : अगदी आईवर गेलीस. थांब, माझ्या फोनवर बघतो. चष्मा कुठे ठेवला मी?

मी : डोक्यावर.

मास्तर : हं. उघडतोय... फिरतंय नुसतं. सगळे एकदम आत घुसलेत वाटतं.

मी : नसलं तर सांगू नका लगेच.

मास्तर : गप गं जरा. ऐक. कोणीतरी विचारलंय, ‘मशीन टाके सोडतं, मोटर बदलू का?’

मी : आणि?

मास्तर : ‘मोटरला हात लावाल तर खबरदार. आधी सुई बदला, मग बोलू.’

मी : आहे?

मास्तर : आहे की! पुढे तो लिहितो, ‘सुई बदलली, चालू झालं.’ त्यावर ताई, ‘छान. आता बोलू. काय शिवताय?’

मी : खाली बघा ना.

मास्तर : खाली आणखी आहेत. ढीग आहे नुसता. हसतेयस की रडतेयस?

मी : चहा उतू गेला वाटतं.

मास्तर : जाऊ दे. खरं सांगू? मलाही घाम फुटला होता. पुसायचं यंत्र त्यांचं, वेळेवर कशाला चालतंय! त्यांनीही सुई बदलली नसणार.

मी : आई गेल्यावर तिच्या खात्यावरून मीच उत्तरं देत होते थोडे दिवस. माहीत होतं तुम्हाला?

मास्तर : ‘कृपया सुई तपासून पाहावी.’ तुझ्या आईने जन्मात कोणाला कृपया म्हटलं नव्हतं.

मी : म्हणजे सगळ्यांना कळलं?

मास्तर : पहिल्याच उत्तराला. मग ठरलं, कोणी काही बोलायचं नाही. पोरगी थांबेल तेव्हा थांबेल.

मी : एका बाईंना मी तेल घालायला सांगितलं होतं. कुठे, ते सांगायचंच राहिलं.

मास्तर : त्यांनी मोटरीत ओतलं. मी निस्तरलं ते. कपडा मात्र वाया गेला, पडद्याचा होता.

मी : अरे देवा. मास्तर, मग आता ते खातं कोणी उघडलं नाही तरी राहील?

मास्तर : राहील. तसं लेखी घेतलंय आम्ही. ग्रुपमध्ये आजच दोघं म्हणाले, ताईंची उत्तरं वर लावून ठेवू. नवा माणूस आला की आधी ती वाचेल, मग आमचं डोकं खाईल.

मी : तिचा फोन मी रोज चार्जिंगला लावत होते. खातं उघडायचा कोड त्याच्यावरच येतो ना, ऐनवेळी बंद नको. रोज सकाळी फोन पूर्ण भरलेला, आणि त्यावरून फोन करणारं कोणी नाही.

मास्तर : आता नको लावूस.

मी : आत्ताच बॅटरी लाल दाखवतेय, बघा.

मास्तर : असू दे.

मी : हो. असू दे. चहा परत टाकते.