चेन दुरुस्तीचे चार हजार प्रेक्षक

...आणि वर मलाच म्हणते, मावशी, आता तरी खूश हो, चार हजार लोकांनी बघितलं! तुम्हाला सांगते, त्या चार हजारांतला एक जण माझ्या दुकानाची पायरी चढला असेल तर शपथ. पायरी रोज मीच झाडते, मला कळणार नाही?

म्हणते कोण, तर माझी भाची. राहते लांब, अक्कल शिकवते फोनवरून. झालं काय, आमचे हे गेल्यापासून मी शिलाई मशीनशी बोलायला लागले. कपडे दुरुस्तीचं दुकान माझं, चेन बदल, बटण लाव, पँट आखूड कर. गिऱ्हाईक येऊन जाऊन चार, बाकी दिवसभर मी आणि मशीन. 'हळू गं बाई, दोरा तोडशील,' असं एकदा मशीनला म्हणाले ते हिनं फोनवर ऐकलं आणि घाबरली. मशीनशी बोलतेस त्यापेक्षा कॅमेऱ्याशी बोल म्हणे, व्हिडिओ टाक.

टाकले. फोन दोऱ्याच्या डब्याला टेकवून सहा व्हिडिओ टाकले. बघितले नऊ वेळा, त्यात पाच वेळा मीच. मग भाची म्हणाली, प्रचार करावा लागतो मावशी, पैसे पडत नाहीत, फुकट असतो. घरच्यांच्या ग्रुपवर टाक, दुसऱ्या शिवणवाल्यांच्या व्हिडिओखाली चार गोड शब्द लिही, लोक आपोआप तुझ्याकडे येतात. ग्रुपवर टाकला तर दिरांनी न उघडताच हात जोडलेलं चित्र पाठवलं. आणि गोड शब्द? एका बाईच्या व्हिडिओखाली लिहिलं, 'तुमची टीप तिरकी आहे, सरळ कशी घालतात ते माझ्याकडे येऊन बघा.' मला गोडच वाटलं होतं हो ते... तिनं मला कायमचं बंद केलं. तेही फुकट.

मग म्हटलं, मरू दे, आपलं डोकं चालवू. शाळा माझी चौथीपर्यंत, पण अक्षर सुबक. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कपड्याच्या खिशात एकेक चिठ्ठी घालायला लागले. 'चेन मागून उघडते? पैसे घालवू नका, घरी करा, माझा व्हिडिओ बघा,' आणि खाली चॅनलचं नाव. जुन्या वहीचे कागद, सगळं फुकट!

आणि चाललं की हो ते! इतकं चाललं की समोरच्या बँकेचा वॉचमन रस्त्यापलीकडून ओरडला, "ताई, झाली चेन! घरीच केली, तुमचं बघून."

मी म्हटलं, मग मी आता काय करू?

"आणखी एक टाका की."

वॉचमनचं सोडा. नर्सबाई यायची बंद झाली. दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी यायची ती, तिच्या गणवेशाची चेन काही आठवडाभर टिकायची नाही. आली की स्टुलावर बसायची, चपला काढायची, मोठ्या नर्सची नक्कल करायची, 'सिस्टर, हसायला पगार मिळतो का आपल्याला?' चेनचं काम दहा मिनिटांचं, मी तासभर पुरवायची. घाई आहे का विचारलं की म्हणायची, घरी जाऊन तरी कोणाचं तोंड बघायचंय ताई? मध्येच मशीन थांबवून मी तिला दाखवायची, हे बघ, चेनचा हा सरकता रनर असा दाबायचा, असा नाही. तिच्याही खिशात चिठ्ठी घातली. मीच घातली, या हातानं.

एक आठवडा आली नाही. म्हटलं, ड्यूटी असेल. दुसरा, तिसरा... चौथ्याला रस्त्यात दिसली. अंगात गणवेश, चेन ताठ.

"ताई, बघा, घरीच केली. तुमचा त्रास वाचवला."

आता मी भांडायला कधी मागे हटलेली बाई नाही. नळावर भांडले, बँकेत भांडले, यांच्या आजारपणात डॉक्टरशी भांडले. पण 'चेन राहू दे, नुसती येऊन बस गं' एवढं काही तोंडातून निघेना. म्हणाले काय, तर बरं केलंस!

मग घरी येऊन युक्ती केली. अडकून बसलेली चेन कशी सोडवायची याचा नवा व्हिडिओ केला, सगळं नीट दाखवलं आणि शेवटची पायरी गिळली. म्हटलं, 'यापुढचं दुकानात येऊन विचारा.' आता कशी येत नाही बघते. स्टूल पुसलं, दुसरा कप धुऊन ठेवला.

दोन दिवस कोणी नाही. तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन, मावशी, चार हजार झाले, खूश हो, आणि खाली कोणीतरी छान लिहिलंय, वाच. वाचलं. नर्सबाई होती! 'ताई सांगायच्या विसरल्या. शेवटी चेनच्या दातांवर मेणबत्ती घासा, सरसर चालते. दुकानापर्यंत जायची गरज नाही.' तीनशे लोकांनी अंगठे दिलेले.

एखादा शब्द चुकला असता तर असं सुनावलं असतं तिला... पण सगळं बरोबर होतं हो. मीच शिकवलेलं.

मग काय करता, मीही अंगठा दिला. फुकटच तर असतो.