डोन्या नार्सिसांचे हात

सन्माननीय अध्यक्ष आणि महाराजांच्या या तंबाखू कारखान्याचे व्यवस्थापक डॉन बालतासार, त्यांच्या शेजारी बसलेले पाद्री अनास्तासिओ, पहाऱ्यावरचे शिपाईबंधू, विड्या वळणाऱ्या सगळ्या आयाबहिणी, आणि ज्यांच्यासाठी आज सुटीची घंटा लवकर वाजली त्या आमच्या डोन्या नार्सिसा,

मी निकानोर. ओरिसाबाच्या मळ्यांतली तंबाखू खेचरांवर लादून इथं आणतो. वाचायला शिकलो ते गाठोड्यांवरचे राजमुकुटाचे शिक्के पाहून, म्हणून माझ्या भाषणात राजमुकुट जास्त आणि अक्षरं कमी निघतील.

मग मीच का बोलतोय? बाया म्हणाल्या, "आम्हाला उद्याही याच दारातून जायचंय रे बाबा. तू उद्या घाटाखाली असशील. तू बोल."

महाराजांचा नियम आपण जाणताच. तंबाखू लावायची ती नेमून दिलेल्या गावांत, विकायची ती त्यांनाच, वळायची ती त्यांच्या छपराखाली. दुसरीकडे रोप दिसलं की शिपाई उपटून जाळतात. माझ्या एका खेचराला याची इतकी सवय झालीय, की धूर दिसला की ते आपणहून थांबतं आणि झडतीसाठी पाय फाकवून उभं राहतं. असं इमानी जनावर शोधून... असो. खेचराचा सत्कार पुन्हा कधीतरी.

तर या नियमाचं शेवटचं टोक म्हणजे ते बायांचं दार, घरी जाताना झडती होते ते. सव्वीस वर्षं डोन्या नार्सिसा तिथं उभ्या राहिल्या. हात वर, ओढणी झटक, वेणी दाबून बघ, वहाणा काढ. "काय गं, वेणी आज एवढी जाड? केस वाढले की पाप?" हे वाक्य या सभेत कुणी ऐकलं नाही? हसू नका, शिपाईदादा, तुमच्या बायकोनंही ऐकलंय. पाचवा महिना नवऱ्याच्या आधी त्यांच्या हाताला कळायचा. कुणाच्या दंडावर वळ आहे, कुणाला ताप आहे, सगळं कळायचं.

आता एक गोष्ट सांगतो. डॉन बालतासार, ही दुसऱ्याच गावातली आहे असं आपण धरून चालू.

समजा, एक बाई होती. दोन लेकरं, नवरा देवीच्या साथीत गेलेला, आणि तीही तापानं सहा आठवडे कामाविना पडून उठलेली. तिला एक भाऊ होता, रिकामा, तोंडाळ. तो म्हणाला, "रोज मूठभर तंबाखूचं पान कमरेला बांधून आण. मी बाजारामागे विकतो. महाराज समुद्रापलीकडे आहेत, त्यांना काय कळणार?"

ती म्हणाली, "महाराजांना नाही कळणार रे. नार्सिसाबाईंना कळेल. माझं काम गेलं तर या पोरांना तू पोसणार आहेस? तू तर स्वतःलाच पोसत नाहीस."

तरी भूक होती. तिनं पान बांधलं. दारात हात वर केले. डोन्या नार्सिसांचे हात कमरेपाशी आले, थांबले, ओढणीखाली जरा रेंगाळले. "जा," एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन ताईनं... म्हणजे त्या बाईनं गाठ सोडली, तर आत तंबाखू नाही! मक्याची जाड भाकरी, मधोमध मोडलेली, आत घेवडा.

भाऊ ओरडला, "मी पान मागितलं होतं!" तिनं भाकरीचे दोन भाग केले, पोरांना दिले, आणि बोटं चाटत रडायला लागली.

दुसऱ्या दिवशीही तेच. भाऊ एवढा शहाणा, की त्याला वाटलं वाटेतच कुणी हातचलाखी करतंय. तिसऱ्या दिवशी तो चोर पकडायला कारखान्यापासून घरापर्यंत तिच्या मागं चालला. कुणी तिच्या जवळसुद्धा आलं नाही. गाठीत भाकरी.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आज मी काहीच आणलेलं नाही. माझ्यानं होणार नाही आता." आणि ओढणी झटकली, तर चुलीपुढं भाकरी पडली.

तेव्हा कुठं भावाला उमगलं. त्या हातांना पान सापडलं होतं हे खरंच, पण त्याआधी बरगड्या सापडल्या होत्या. पान मुकाट्यानं महाराजांच्या टोपलीत परत गेलं, आणि अंगावर मांस धरेपर्यंत रोज भाकरी येत राहिली. डोन्या नार्सिसा त्या दिवसांत दुपारी अर्ध्याच जेवायच्या, हे पुष्कळ नंतर कळलं. दोघींमध्ये यावर आजवर एक शब्द झालेला नाही.

डॉन बालतासार, आपण मघापासून खिडकीबाहेर पाहताय, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

डोन्या नार्सिसा, ते पान कुणी मागितलं होतं हे तुम्ही तिला कधी विचारलं नाही. मी मागितलं होतं. हे सांगायलाच मी आज घाटात न थांबता आलो.

आता तुमची बोटं आखडलीत. वेणी आणि दोर यांतला फरक कळेना म्हणून तुम्हीच दाराची चावी परत केलीत, आणि तुमच्या जागी कुणाला घ्यावं असं साहेबांनी विचारल्यावर तुम्ही एकाच बाईचं नाव सांगितलंत. ती आज तिथं दारात उभी आहे, म्हणून सभेत नाही. मी लहानपणापासून ओळखतो तिला.

पाद्रीबाबांचे, साहेबांचे, ऐकून घेणाऱ्या सगळ्यांचे आभार. अडाणी माणूस आहे, कुठं जास्त बोललो असेन तर ते माझ्या खेचराच्या नावावर घाला.

आणि डोन्या नार्सिसा, नियम तुम्हालाही आहे. बाहेर पडताना आज तुमचीही झडती होईल. हात वर करा. ओढणीत काही गरम लागलं तर दचकू नका, घरी जाऊन बघा. इथून पान बाहेर नेऊ नये, असं महाराजांनी लिहिलंय. भाकरीबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही.