जैतूनं गाळलेली ओळ

...आणि वर परत म्हणतात काय, तर "येशूचा माणूस ना तू?" आता तुम्हीच सांगा, भर उन्हाळा, सूर्यमाळच्या वरचा पाडा, टँकर येऊन विहिरीत पाणी ओतून गेलेला, बायांच्या रांगेत हा एकटा बाप्या, कारण घरात बाई नाही, हंडा पहिला लावलेला, आणि कुणीतरी पायानं सरकवत सरकवत तो पार शेवटाला नेऊन ठेवलाय... माणूस चिडेल की नाही? जैतू चिडला. नुसतं "ए" म्हणाला, पुढची शिवी अजून घशातच होती, तोवर अख्खी रांग वळून त्याच्याकडे बघायला लागली आणि एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "येशूचा माणूस ना तू?" झालं. शिवी गिळली, हंडा शेवटाला राहिला, आणि जैतूच्या वाट्याला आलं ते तळातलं गढूळ.

तुम्हाला सांगतो, पाड्यावर दुसरं कुणीही भांडू शकतं. दारू पिऊन भांडतं, न पिता भांडतं, बायकोशी भांडतं, बांधावरून भांडतं, कुणी विचारत नाही की बाबा, तू कुणाचा माणूस. विचारायचं ते एकट्या जैतूला. आणि हे हत्यार त्यांच्या हातात दिलं कुणी? जैतूनंच की!

त्याचं असं झालं, तरुणपणी हा वसईला केळीच्या वाडीत मजुरीला गेलेला. तिथं आजारी पडला, असा पडला की मुकादमानं हजेरीतून नाव कापलं. एका मिशनच्या दवाखान्यात कुणीतरी नेऊन घातला, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरनं, जिचं नाव शेवटपर्यंत ह्याच्या जिभेवर नीट बसलं नाही, त्या बाईनं ह्याला चमच्या-चमच्यानं पेज पाजली. ना ओळख ना पाळख. हा बरा झाला तो प्रार्थना पाठ करूनच उठला. लिहिता-वाचता येत नाही, सगळं कानानं घेतलेलं. घरी आला तेव्हा इतका आनंदात होता, इतका, की चावडीवर बसून त्यानं पाड्याला सगळं सांगून टाकलं. कुणी एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करायचा. दोन अंगरखे असले तर एक द्यायचा. शत्रूला माफ करायचं. लोकांनी मन लावून ऐकलं. बाकीचं सगळं विसरले, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवलं. दुसऱ्याच दिवशी शेजारचा लाडक्या दारात हजर. "जैत्या, तुझ्याकडे सदरे दोन आहेत ना?"

लाडक्या म्हणजे कोण, तर ह्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांची घरं एकाला एक चिकटून, मधे भिंत म्हणून कारवीच्या काड्यांचा एकच कूड, तोही शेण उडालेला. इकडं माचिस ओढली की तिकडं उजेड दिसायचा. तंबाखू ह्याची, चुना त्याचा. सदरा गेला तरी दोस्ती काही गेली नाही. जैतूची बायको चैती आधी खूप हसली ह्या येशूला, मग हळूहळू ह्याच्याबरोबर बसायला लागली, आणि रोज दिवेलागणीला दोघं मोठ्यानं प्रार्थना म्हणायची. सिस्टरनं सांगितलं होतं, मोठ्यानं म्हण, म्हणजे विसरणार नाहीस. कुडापलीकडं लाडक्या आणि त्याची बायको गौरा आपलं जेवणाचं बघत ऐकत असायची. त्यांचा वाघदेव वेगळा, ह्यांचा येशू वेगळा, कूड एक. कुणाला काही अडचण नव्हती.

मग चैती तापानं गेली. ऐन पावसात. रस्त्यापर्यंत डोलीत नेली, पुढं गाडी मिळेपर्यंत राहिली नाही.

आता एकटा माणूस आणि त्याचा रविवार म्हणजे काय असतं, कधी बघितलंय तुम्ही? प्रार्थनेची जागा जव्हारला, एसटीनं मोखाडा, तिथून दुसरी गाडी, परवडणार तर नाताळला आणि ईस्टरला. बाकीचे रविवार हा घरातच आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ओट्यावर बसायचा. एक गाणं म्हणायचा. त्याची चाल चैतीला येत होती, ह्याला नाही, त्यामुळं ते मधेच भलतीकडं जायचं. मग "आमेन" म्हणायचा आणि उत्तरासाठी जरा थांबायचा, सवयीनं. कुत्रं कान हलवायचं. संपला रविवार. अजून चहाची वेळसुद्धा झालेली नसायची.

उरला होता तो एक कोंबडा. आता हसू नका. चैतीनं जाण्याआधी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवलेली, त्यातलं हे एकच पिल्लू जगलं. मोठं झालं ते काय झालं! तांबडी मान, हिरवीनिळी शेपटी, चाल अशी की जैतू त्याला फौजदार म्हणायचा. संध्याकाळी फौजदार उंबऱ्यावर येऊन बसायचा आणि जैतू त्याला दिवसभराचं सांगायचा. कुणाकडं कामाला गेलो, काय खाल्लं, गुडघा कसा आहे. हेच तो चैतीला सांगायचा. ऐकणारा बदलला, एवढंच.

आणि आली वाघबारस. पाड्याच्या शिवेवर वाघदेवाला कोंबडा द्यायचा असतो. लाडक्यानं तांबड्या कोंबड्याचा नवस बोललेला, आणि त्याचा तांबडा आदल्या आठवड्यात रानमांजरानं नेलेला. त्या दिवशी जैतू लाकडं आणायला गेला होता. परत आला तर फौजदार दिसेना, वाटलं, असेल कुठंतरी फिरत. तेवढ्यात गौरानं वाटीभर रस्सा पाठवला. शेजारधर्म! जैतूनं भाकरी कुस्करली, बोटं चाटली, आणि कुडातून ओरडून सांगितलं, तुम्हाला सांगतो, ह्याच तोंडानं ओरडून सांगितलं, "वहिनी, झकास झालाय."

सकाळी कोंबडा आरवला नाही. लाडक्याच्या घरामागं पिसं पडली होती. हिरवीनिळी.

जैतूनं जाऊन विचारलं. लाडक्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, देवाला दिला.

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर दिला असतास?"

"नाय."

"म्हणून नाय विचारलं," लाडक्या म्हणाला. आणि मान खाली घालून, हळूच, पुढं, "म्हटलं, तू माफ करशील. येशूचा माणूस ना तू?"

बघा म्हणजे! चोरी करायच्या आधीच माफी धरून चालायचं. जैतू तसाच मागं फिरला, घरात गेला, आणि कुडाला जिथं जिथं भोकं होती तिथं तिथं चिंध्या कोंबून बसला.

संध्याकाळी दिवा लावला, प्रार्थनेला बसला. नेहमीसारखं सुरू झालं. तुझं नाव मोठं होवो, म्हणून झालं. आजची भाकर दे, म्हणून झालं. आणि मग येते ती ओळ, की आम्ही दुसऱ्यांना माफ करतो तशी तू आम्हाला माफी दे... आणि जैतूची जीभ अडली. अशी अडली की काही केल्या हलेना. खोटं बोलायचं तर कुणाशी बोलायचं? पाड्याशी बोलता येतं, मुकादमाशी येतं, पण इथं समोर कोण आहे? शेवटी त्यानं ती ओळ गाळली आणि पुढं गेला. देवाला म्हणाला, बाकी सगळं रोजचं रोज म्हणतो, तेवढं एक सोड.

दुसऱ्या दिवशी परत गाळली. तिसऱ्या दिवशी गाळायची सवय झाली.

इकडं दिवाळी झाली, भात झोडून झाला, आणि पाडा उठला. कुणी भिवंडीला वीटभट्टीवर, कुणी ठाण्याला बांधकामावर, पोराबाळांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट. मागं राहिली म्हातारी माणसं. ह्या अंगाला तर दोनच चुली पेटत होत्या, जैतूची आणि लाडक्याची. आणि त्या दोन घरांत बोलणं नाही! तंबाखू इकडं, चुना तिकडं. जैतू कोरडी तंबाखू चघळायचा. इकडं हा खोकला की तिकडं तो खोकायचा, तेवढाच काय तो संवाद. दिवस मावळला की रानातून असा गारठा यायचा आणि अशी शांतता, की जैतूला स्वतःचं चावणं ऐकू यायचं. कधीकधी तो उगाचच भांडं पाडायचा. आवाज हवा म्हणून.

नाताळला जव्हारला गेला. तिथं फादर भेटले. भला माणूस, पण बाहेर जीप उभी, अजून दोन ठिकाणी जायचं होतं. जैतूनं धीर करून विचारलं, फादर, प्रार्थनेतली एखादी ओळ राहिली तर चालतं का? फादरना वाटलं, म्हाताऱ्याला आठवत नसेल. त्यांनी प्रेमानं ह्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काही हरकत नाही, देवाला सगळं कळतं." आणि गेले जीपमधून. जैतू रस्त्यावर उभाच. अरे, देवाला कळतं हीच तर पंचाईत होती! न कळणारा असता तर हा कशाला इतका झुरला असता?

मग उन्हं चढली, विहीर आटायला लागली. एकदा दुपारी गौरा दारात आली. लाडक्याला ताप होता, तिला विहिरीवर जायला जमलं नव्हतं. म्हणाली, "दादा, हंडाभर पाणी मिळेल?" जैतूच्या मागं दोन हंडे भरलेले. तिला दिसत होते. जैतू म्हणाला, "नाय."

आणि वाट बघत उभा राहिला. आता ही म्हणणार. म्हणेलच. इतकी वर्षं अख्खा पाडा म्हणत आला, सदऱ्यासाठी म्हणाला, रांगेसाठी म्हणाला, ही आत्ता म्हणेल, मग मी चिडेन, चिडता चिडता एक हंडा देऊन टाकीन. असं त्याच्या मनात सगळं तयार होतं. गौरानं हंड्यांकडं बघितलं, ह्याच्याकडं बघितलं. "बरं दादा," म्हणाली, आणि गेली.

म्हणालीच नाही!

तुम्हाला सांगतो, त्या वाक्याचा त्याला आयुष्यभर राग येत आला होता, पण ते कुणी म्हणेनासं झालं तेव्हा जैतू मटकन खाली बसला. म्हणजे आता कुणाला तसं वाटतच नाही की काय आपल्याबद्दल? चैती गेली तेव्हा घर रिकामं झालं होतं. आज सगळंच रिकामं झालं. जरा वेळानं उठला, एक हंडा उचलला, लाडक्याच्या दारात ठेवला आणि हाक न मारताच परत आला. हाक कुठल्या तोंडानं मारणार?

दिवेलागण झाली. बसला प्रार्थनेला. भाकरीपर्यंत आला, थांबला, ओळ गाळली, पुढं निघाला. आणि कुडापलीकडून तापानं बसलेल्या आवाजात लाडक्या बोलला. वाघबारशीनंतर पहिल्यांदा.

"जैत्या. मधली एक ओळ राहतेय तुझी."

जैतू दिव्याची वात सारखी करत बसला.

"भाकरीचं झालं की माफीचं येतं. मग ते वाकड्या वाटेला नेऊ नको म्हणायचं. इतकी वर्षं ऐकतोय मी. दिवाळीपासून माफीचं गाळतोयस."

"माहीत आहे मला."

"आमच्या भगतानं देवाचं म्हणताना एक शब्द गाळला ना, तर आम्ही त्याला पहिल्यापासून म्हणायला लावतो. अर्धं सोडलेलं घराला चांगलं नाय. आणि घर काय, मधे कूडच तर आहे. आम्हालाही बाधायचं."

"येत नाय तोंडात," जैतू म्हणाला.

तिकडून खोकल्याचा आवाज आला. मग लाडक्या म्हणाला, "माझ्यामुळं अडलंय ना? मग असं कर. मला वगळून म्हण. बाकीच्यांना माफ कर, मी राहू दे."

 जैतू म्हणाला, "बाकीचं कोण आहे रे इथं?" आणि लगेच पुढं, "तो कोंबडा चैतीच्या हातचा होता, लाडक्या."

"ठाऊक होतं," लाडक्या म्हणाला. "सुरी फिरवली तेव्हाही ठाऊक होतं. रस्सा गौरानं पाठवला. मी जेवलो नाय त्या दिवशी."

हे जैतूला माहीत नव्हतं. त्यानं चिंधी ओढून काढली, पलीकडं बघितलं. लाडक्या गोधडीत मुटकुळं करून पडला होता, उशाला तो पाण्याचा हंडा.

"माझ्या मनातून अजून राग गेलेला नाय," जैतू म्हणाला. "खोटं कसं म्हणू?"

"आज नुसतं म्हण," लाडक्या म्हणाला. "मनाचं उद्या बघू."

आणि जैतूनं म्हटली ती ओळ. दात-ओठ खात, रडत, एकेक शब्द तोंडातून दगडासारखा बाहेर काढत. काही उजेडबिजेड पडला नाही, हलकंबिलकं वाटलं नाही. कोंबडा अजूनही मेलेलाच होता आणि राग अजूनही तिथंच होता. पण "आमेन" म्हणून सवयीनं जरा थांबला, तर पलीकडून लाडक्या म्हणाला, "हां."

मनाचं उद्या बघू म्हणाला होता, ते मात्र लाडक्यानं फारच मनावर घेतलं. ताप उतरला, तंबाखू-चुना परत एक झाला, आणि रोज संध्याकाळी कुडापलीकडून तपासणी सुरू. "आज घाईत म्हणालास." "आज बरं होतं." एकदा तर, "ह्याच्यात मन नव्हतं, परत म्हण." आता सांगा, ज्याचा स्वतःचा बाप्तिस्मा नाही त्यानं दुसऱ्याच्या प्रार्थनेला मार्क द्यायचे! ईस्टरला जैतूनं जव्हारला फादरना गाठून विचारलं, मनातल्या मनात म्हटली तर चालेल का? फादर म्हणाले, का नाही चालणार, देव मनातलंही ऐकतो.

घरी आला. दिवा लावला. डोळे मिटून, ओठसुद्धा न हलवता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माफीच्या ओळीसकट, सगळी प्रार्थना मनात म्हटली. छान शांत वाटलं. डोळे उघडतो तर कुडातून धूर येतोय. मागोमाग गौरा दारात, हातात भाताची तवली.

"दादा, आज म्हणाला नाय तुम्ही?"

"म्हणालो की. मनात."

"मनात?" गौरा म्हणाली. "अहो, तुमचं आमेन ऐकलं की मी भाताखालचा जाळ ओढते. चैती होती तेव्हापासून."

आणि तवलीच्या तळाची सगळी करपलेली खरवड तिनं त्याच्या ताटलीत खरवडून घातली. म्हणाली, आता तुम्हीच संपवा. काय करतो? म्हणाला, "उद्यापासून मोठ्यानं म्हणतो, वहिनी," आणि बसला चावत.